नॉर्मल, सिरियस आणि शकूकाकू

ताई-माई, दादा आणि काकूंच्या घरची मंडळी, राम कृष्ण हरी.

आपल्या भजनी मंडळाचा हिशोब मी लिहिते. बोलायचं काम शकूकाकूंचं. आज त्यांच्याच फोटोपुढं उभं राहून मला बोलावं लागतंय. सांभाळून घ्या.

आपल्यातल्या कुणालाही नगरला डॉक्टरकडं जायचं असलं की काकू सोबत. एसटीनंच. डॉक्टर इंग्रजी बोलले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे काय, साहेब?"

इंग्रजी त्यांनाही फारसं येत नव्हतं. पण भजन संपलं की प्रसाद वाटता वाटता त्या दोन शब्द घ्यायच्या. एकदा नॉर्मल आणि सिरियस घेतले.

"हॉटेलात पाणी नॉर्मल, बाळंतपण नॉर्मल, शुगरबी नॉर्मल. दर ठिकाणी अर्थ निराळा. आता सिरियस सांगा."

चंदाताई म्हणाली, "माझा नातू अभ्यासात सिरियस न्हाई."

"आन् मालक?"

"ते कशातच न्हाईत."

हसून हसून प्रसाद सांडला. मग काकू म्हणाल्या, "दवाखान्यात सिरियस म्हणलं की लगेच रडू नका. आधी विचारा. कशानं सिरियस, आता करायचं काय. न विचारता घरी यायला भ्या."

मागच्या आठवड्यात त्यांनाच ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, "शुगर नॉर्मल आहे, पण कंडिशन सिरियस आहे." आम्ही दाराशी उभ्या. दोन्ही शब्द ओळखीचे. तरी एकीच्याही तोंडातून आवाज फुटला नाही. तोंडावरचा मास्क सारून काकूच म्हणाल्या, "म्हणजे काय, साहेब?"

डॉक्टर त्यांच्याजवळ बसले. हृदय थकलंय, आता फार वेळ नाही, असं मराठीत सांगितलं. काकूंनी मान हलवली आणि लेकीला जवळ बोलावून घेतलं. मायलेकींचं बोलणं झालं. विचारलं म्हणून झालं.

आता स्पष्टच सांगते. माझ्या छातीत गाठ आहे. स्वतः ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी काकूच मला तपासणीला घेऊन गेल्या होत्या. रिपोर्ट उद्या आहे. पांडुरंगाचं नाव घेते, तरी भीती जात नाही. गाठीची आहेच. पण त्याहून जास्त भीती, डॉक्टर बोलतील आणि मी नुसती मान डोलावून परत येईन. मग विचारणार कोण?

काकू, तुम्हाला माझा नमस्कार.

आता सगळे उभे राहू. हात जोडू, डोळे मिटू, दोन मिनिटं कुणी बोलू नका. आणि डोळे उघडाल तेव्हा तुमच्यातली एक जण माझ्या शेजारी येऊन उभी राहा.