शाल डाव्या हातानेच पूर्ण होईल

विलासदादा, वैशाली, काशीगावाहून आलेली मंडळी, आणि आपल्या शनिवारच्या क्रोशा गटातल्या सगळ्याजणी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. नंदाताईंना कुणी उभं राहिलेलं चालायचं नाही.

बोलायला मी कच्चा नाही, हे बेव्हर्ली पार्कातल्या लोकांना सांगायला नको. सोसायटीच्या सभेत माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. आज मात्र नाव पुकारल्यावर उठायला वेळ लागला. समोर फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि फोटोतली बाई माझ्याकडे बघून हसतेय. कसं बोलायचं?

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी, मी दिलीप साळवी. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. क्रोशा मला कुणी शिकवला नाही. पाठीच्या दुखण्याने घरी पडून होतो तेव्हा मोबाईलवर बघत, विणत, उसवत, परत विणत शिकलो. त्याचा मला अभिमान आहे. या हॉलमध्ये ट्युनिशियन क्रोशा मी आणला. त्याचाही आहे.

थोडं तांत्रिक बोलतो, सहन करा. साध्या क्रोशात सुईवर बहुतेक वेळ एकच टाका असतो. ट्युनिशियनला लांब सुई लागते. जाताना ओळीतला एकेक टाका सुईवर घेत जायचं, अख्खी ओळ सुईवर चढवायची. येताना एकेक उतरवत यायचं. आणि काम कधीही उलटं फिरवायचं नाही. सुलट बाजू कायम आपल्याकडे. एवढं लक्षात ठेवा. मी आज जे सांगणार आहे ते यावरच उभं आहे.

नंदाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सगळ्यांना शेजारी बसवून शिकवत होतो. त्यांचं काही जमेना. मी म्हटलं, "ताई, सुई उजव्या हातात धरा."

त्या म्हणाल्या, "भाऊ, हात डावा हाय माजा. डोका न्हाय."

आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. आरशात बघावं तशा. माझा उजवा हात चालला की त्यांचा डावा चालायचा. मी उजव्या काठाने निघालो की त्या डाव्या काठाने. मला म्हणाल्या, "तू बोलू नको. नुसता हात दाखव." मला गप्प बसवणारी ती पहिली विद्यार्थिनी. घरी विचारा, दुसरी कुणी झालेली नाही.

तिकोनी शाल कशी होते? टोकापासून, मोजक्या टाक्यांनी सुरुवात करायची. मग प्रत्येक ओळीला एका काठाशी एक टाका वाढवायचा. शाल रुंद होत जाते. पण जाताना अगदी शेवटी जो काठाचा टाका असतो ना, तो अंग चोरून बसतो. दिसत नाही. तो सुटला तर काय होतं? इकडे एक वाढवला, तिकडे एक गेला. हिशोब सारखा. शाल रुंद होतच नाही, नुसती तिरकी लांबत जाते. ताईंची पहिली शाल अशीच लांबली. त्यांनी ती सगळ्यांसमोर उचलून धरली आणि म्हणाल्या, "बायांनो, बघा. भाऊंनी शाल सांगितली, मी बैलाचा कासरा केला." हॉल हसला. त्या मात्र हसत हसत उसवायला लागलेल्या होत्या. पार पहिल्या टाक्यापर्यंत. मी म्हटलं, थोडी ठेवा, आठवण म्हणून. तर म्हणाल्या, "चुकीची कसली आठवण ठेवायची?"

अशी बाई होती ती.

त्यांचं डायलिसिस चालू होतं हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना फार उशिरा कळलं. त्यांनी कळू दिलं नाही. तिथे, शेजारच्या पलंगावर, नयानगरच्या रझियाआपा असायच्या. दोघींचे वार एकच. मशीनच्या खोलीत एसी जोरात असतो. ज्या हाताला सुया लावलेल्या असतात तो हलवायचा नाही, झाकायचाही नाही, सिस्टरला सतत दिसला पाहिजे. अंगावरची चादर घसरली की एका हाताने ओढत बसायचं. रझियाआपा थंडीने कुडकुडायच्या. ताई शनिवारी येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, असा काय तरी सांग, जो घसरणार न्हाय."

मी सांगितलं. तिकोनी. एक टोक छातीवर, दोन टोकं मानेमागे नेऊन गाठ. हात मोकळे, गळा गरम. आणि वीण जाड हवी, उठावाची. एक टाका साधा, एक उलट, पुढच्या ओळीत त्याची अदलाबदल. मधाच्या पोळ्यासारखी वीण येते. काठ वळतही नाही फारसा.

लोकरीचा रंग रझियाआपांनी सांगितला. मरून. म्हणाल्या, "ऐसा रंग लाओ कि खून का दाग लगे तो भी इज्जत रहे." ताई हे सांगताना इतक्या हसल्या की टाका सुटला. माप त्यांनी आपांच्या ओढणीवरून घेतलं. स्वतःच्या खांद्यावर ती शाल एकदाही टाकून बघितली नाही. मी सांगितलं होतं बघायला. म्हणाल्या, "माजी न्हाय ती. मी कशाला घालू?"

ताई गेल्या तेव्हा शाल निम्म्याच्या वर झाली होती. ओळ अर्धी होती. टाके सुईवर चढलेले, उतरायचे राहिलेले.

दहाव्याला विलासदादांनी, म्हणजे ताईंच्या दिरांनी, सांगितलं की गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम घरात ठेवायचं नाही, खाडीत सोडायचं. त्यांच्या घरची रीत आहे. मिठागरं होती, भातशेती होती, तेव्हापासूनची. वैशालीने मला फोन केला. आईची शाल आहे एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

गटात आम्ही बसलो. कुणी म्हणालं, त्याच रंगाची नवी करून देऊ. कुणी म्हणालं, उसवून त्याच लोकरीची परत विणू, उजव्या हाताने, लवकर होईल. का, तर ताईंची वीण आपल्यापैकी कुणालाही पुढे नेता येत नाही. काम फिरवायचं नसतं, आठवतंय ना? त्यांचा धागा आपल्या उलट्या काठाला आहे. त्यांची वाढ आपल्या उलट्या बाजूला आहे. उजव्या हाताने घुसलं की जिथे त्यांचा हात थांबला तिथे सांधा दिसणार. लिफ्ट मजल्याच्या बोटभर खाली थांबली तर मी ती चालू मानत नाही. हा सांधा कसा चालवून घेऊ?

आणि उसवायची? त्यांनी बरोबर घातलेला टाका मी उसवू? नाही. ते होणार नाही.

मग मी काशीगावला गेलो. दादा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, दादा, रीत मला मान्य आहे. ताईंची वस्तू तुम्ही खाडीत सोडा, मी स्वतः बरोबर येतो. पण ही ताईंची वस्तू नाही. माप आपांचं, रंग आपांचा. दुसऱ्याची वस्तू आपण पाण्यात कशी सोडायची?

दादांनी माझे हात बघितले. मग म्हणाले, "तुजा हात उजवा हाय. वहिनीचा डावा. कसा करशील?"

"डाव्याने करीन."

"येतं?"

"येत नाही. शिकेन."

त्यांनी वैशालीकडून लोकरीचा गुंडा आणि एक सुई मागवली. तिथेच, त्यांच्यासमोर मला बसवलं. बघा, इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात सरळ करणारा मी, माझी बोटं वाकडी पडत होती. साधा चौकोनी तुकडा विणून दाखवला. दादांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "यो तर निमुळता होत चाललाय." काठाचा शेवटचा टाका. मीच सोडला होता. वैशाली कितीतरी दिवसांनी हसली. मी उसवलं आणि परत विणलं. दुसरा तुकडा बरा आला.

तेव्हा दादा म्हणाले, "शालीची पिशवी मी आज देणार न्हाय. वहिनीच्या शोकसभेत सांग. सगल्यांसमोर सांग की करशील. चार माणसांत बोललेला माणूस मागं फिरत न्हाय."

म्हणून आज मी इथे उभा आहे. नाहीतर मी आज मागच्या खुर्चीवर बसून राहिलो असतो.

तर ऐका. मी ती शाल पूर्ण करणार आहे. डाव्या हाताने. ताईंच्या काठाने, त्यांच्या विणीत, त्या जितका सैल धागा सोडायच्या तितकाच सैल सोडून. सुईवर त्यांनी चढवलेले टाके मी उतरवीन आणि पुढची ओळ चढवीन. चुकलं तर माझं उसवीन, त्यांचं नाही. माझ्यासमोर कुणी बसायला नाही, म्हणून घरात आरसा लावला आहे. बायको म्हणते, या वयात नटायला लागलात. म्हणू दे. रोज कामावरून आलो की सरावाचे तुकडे विणत बसतो. काल काठाचा एकही टाका सुटला नाही.

शाल झाली की ती घेऊन दादा आणि वैशाली नयानगरला जातील. मी जाणार नाही. द्यायची ती ताईंच्या घरच्यांनी.

रझियाआपा आज इथे नाहीत. त्यांचा वार आहे. आत्ता आपण बोलतोय तेव्हा त्या मशीनवर आहेत, आणि शेजारचा पलंग आज दुसऱ्या कुणाचा तरी असेल. त्यांनी निरोप पाठवलाय वैशालीकडे. "शाल की फिकर मत करना बेटा, अम्मी गई, हमारा सब गया." आपा, फिकीर आम्हीच करणार. तुमचं सगळं गेलेलं नाही.

दादा, बोललो. सगळ्यांसमोर बोललो.

आता सगळ्यांनी उभं राहूया. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांनी बसूनच. हातातलं खाली ठेवा, मोबाईल बंद करा, आणि नंदाताईंसाठी थोडा वेळ शांत राहू. त्यानंतर, दादा, ती पिशवी माझ्याकडे द्या.

नंदाताई, नमस्कार.