बाईंची बालवाडी बाईंना परत

— नाही नाही, तू उठायचं नाहीस. आणि बोलायचंही नाही, शूऽ! रडू दे त्याला. आत नवी ताई आहे ना त्याच्याजवळ. तू आपली इथं बाकावर बसायचंस, तोंडाला कुलूप लावून — दाराआडून तुझा आवाज कानावर गेला ना, की गप्प होत आलेलं पोर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मी बोलले तर चालतं. माझा आवाज म्हणजे त्यांना पंख्यासारखा, चालू काय नि बंद काय. तुझी आईसुद्धा इथंच बसायची, ह्याच बाकावर, आणि आत तू — बाप रे! भोंगा म्हणायचो तुला आम्ही. समोरचा सायकलवाला हातातलं काम टाकून यायचा विचारायला, काय हो बाई, कुणाला मारताय का? आता हा छोटा भोंगा. घराण्याचं नाव राखलं हो पोरानं.

रंग कसा वाटला भिंतींना? मान नको डोलावूस उगाच, मला माहितीये तुला आवडलाय, तूच उभी राहून लावून घेतलास. मला आपला डोळ्यांत जातो हा पिवळा. पण नव्या संस्थेच्या सगळ्या शाळांना हाच, म्हणजे मूल एका गावातून दुसऱ्या गावात गेलं तरी त्याला परकं वाटू नये — आहे, विचार आहे त्याच्यामागे, वाईट नाहीयेत ती माणसं. छत गळत नाही आता. नळाला पाणी येतं. गाणी वरून येतात. वरून म्हणजे देव नाही पाठवत, मुख्य कार्यालय पाठवतं. आज पावसाचं गाणं म्हणजे सगळीकडे पावसाचं, बाहेर रणरणतं ऊन का असेना. आणि मुलांना मांडीवर घ्यायचं नाही. शेजारी बसून धीर द्यायचा. परवा एक चिमुरडी आपणहून येऊन बसली माझ्या मांडीत, तर मी दोन्ही हात वर करून बसले, पोलीस आल्यासारखी! काय करणार, वर कॅमेरा आहे. हसू नकोस, आवाज जातो.

मी शिकवते कुठे आता? मला वाटलं तुला ठाऊक असेल. आत त्या ताई बघतात, शिकलेल्या आहेत, चांगल्या आहेत, मुलांना जीव लावतात. माझं काम म्हणजे सकाळी फाटकाशी उभं राहायचं नि संध्याकाळी फाटकाशी उभं राहायचं. मधल्या वेळात ही खुर्ची. फाटकावर माझा फोटो लावलाय बघितलास ना — तुमच्या त्याच लाडक्या बाई! शेतात बुजगावणं उभं करतात ते पाखरं येऊ नयेत म्हणून. मला पाखरं यावीत म्हणून उभं केलंय, एवढाच काय तो फरक. आणि पाखरं येतात गं. बाई आहेत ना, मग झालं, म्हणतात आणि पोराचा हात माझ्या हातात देऊन कामाला जातात. मी तो हात आतल्या ताईच्या हातात देते. संपलं माझं काम.

नाही, तक्रार नाही. कसली तक्रार? तुम्ही सगळ्यांनी एवढी धावपळ केलीत. जुनं मंडळ दमलं होतं, मुलं कमी होत चालली होती, बंद झाली बालवाडी — झाली तर झाली. पण तुला एक गंमत सांगू? कुलूप लागलं त्या दिवशी सगळे रडले, मला घड्याळ दिलंत, भाषणं झाली, आणि मी घरी जाऊन झोपले. भर दुपारी, चपलासुद्धा न काढता. अशी झोप मला लहानपणीसुद्धा लागली नसेल. उठले तर संध्याकाळ झालेली आणि मनात पहिला विचार काय, तर उद्या कुणाचंही नाक पुसायचं नाहीये. मी हसले एकटीच. किती वर्षं झाली असतील मला एकटीला हसून — असो.

धाकटीला फोन केला लगेच. माझी धाकटी बहीण गं, शिवणकाम करते, नदीकाठी तिचं घर आहे. डोळे अधू झालेत तिचे. हात अजून वाऱ्यासारखा चालतो, पण सुईत दोरा म्हणून ओवता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारते दोरा ओवायला. आमचं ठरलेलं होतं किती वर्षांपासून, मी सुटले की तिच्याकडे जायचं. माडीवरची खोली तिनं रिकामी ठेवली होती माझ्यासाठी. पडद्याचं कापड मला विचारून आणलं, निळं. मी दोरा ओवायचा, तिनं शिवायचं, आणि दोघींनी दिवसभर भांडायचं. लहानपणी राहिलेली भांडणं पुष्कळ आहेत आमची.

सामान खाली आलं होतं माझं. तुला आठवतंय ना, टॅक्सी उभी होती? मला वाटलं, सगळे निरोप द्यायला जमलेत. म्हटलं, बघा, किती माया. आणि तू पुढे आलीस, माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधलास आणि हाताला धरून चालवत इथवर आणलंस, आणि रुमाल सोडला तर समोर हा पिवळा. मुलं फुलं घेऊन ओळीत उभी. बाई, तुमची बालवाडी तुम्हाला परत! संस्था म्हणाली होती म्हणे, जुन्या बाई असतील तरच घेतो, आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्या वतीनं शब्द देऊन टाकला होतात. मला विचारलं नाहीत, कारण विचारलं असतं तर गंमत गेली असती ना. मी रडले. अशी रडले की मला धरावं लागलं. बाईंचे आनंदाश्रू म्हणून ते चित्रीकरण घरोघरी फिरलं, अजून फिरतंय. टॅक्सीवाल्यानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. स्वतः सामान वर नेऊन ठेवलंन् बिचाऱ्यानं, भाडंही नको म्हणाला.

काय झालं? अशी काय बघतेस?

अगं, आनंद झालाच की. थोडा झाला. नाही कसा होईल, एवढी माणसं — हे बघ, तू मनाला लावून घेऊ नकोस, मी आपली बोलत सुटले. म्हातारीच्या तोंडाला काही धरबंध नसतो. आणि मी नाही म्हणू शकले असते ना? तोंड होतं मला. पण ती मुलं समोर, फुलं हातात, आणि तू अशी हसत होतीस — तुला नोकरी लागायची होती, पोराला ठेवायला जागा मिळाली होती. तुझ्यासारख्या किती जणी. कुणावर चिडू मी? कुणी वाईट केलं असतं तर भांडले असते, मला भांडता येतं. चांगलं केलंत तुम्ही. आपलेच दात, आपलेच ओठ. धाकटीला म्हटलं, चार दिवसांनी येते. मग म्हटलं, सुरू होऊ दे एकदा, मग येते. मग म्हटलं, मुलं रुळू देत. ती नुसतं बरं बरं म्हणायची. भांडलीसुद्धा नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला.

हळू! हळू बोल. काय म्हणालीस? — पुन्हा म्हण.

आम्ही बघू काय ते, बाई, तुम्ही जा — असंच म्हणालीस ना?

एवढं सोपं होतं होय गं हे वाक्य. दोन महिने मी त्याची वाट बघत फाटकाशी उभी आहे. रोज सकाळी एकेकीच्या तोंडाकडे बघायचे, म्हटलं, ही म्हणेल, नाहीतर ती म्हणेल.

नको, ऑफिसात जाऊन काही सांगू नकोस. बस खाली. काल रात्री धाकटीचा फोन आला होता. तिनं माडीवरची खोली दिली. कुणी एक मुलगी आहे म्हणे, नोकरी करणारी, एकटीच. गुणी आहे म्हणाली. कामावर जायच्या आधी दिवसभराच्या सगळ्या सुया ओवून ठेवते. मी विचारलं, पडदे? तर म्हणाली, निळेच आहेत, तिला आवडले.

आता तुझं कशाला तोंड वाकडं? पूस ते डोळे. ऐक जरा — थांबलाय बघ तो. कधीच थांबलाय, आपल्यालाच कळलं नाही. खेळत असेल. तू नीघ आता, तुला उशीर होईल, पहिल्याच आठवड्यात बोलणी नको खाऊस. आणि फाटकाशी ती जुळ्यांची आई केव्हाची ताटकळलीये, तिला आत पाठव. जाताना जरा हसत जा. नाहीतर तिला वाटायचं, इथं काहीतरी झालंय.