दारावरचं रडणं

माहेर माझं पाचोऱ्याकडचं, सासर चोपड्याजवळच्या खेड्यातलं, आणि आता लेकाजवळ पिंप्राळ्याले राहते. नाव काय सांगू तुम्हाले भाऊ, बठ्ठे मले रडकी मावशीच म्हणतात, रिक्षावाला बी म्हणतो, रडक्या मावशी, बसा.

आमच्याकडे माणूस गेलं का बाया त्याच्या दारावर रडायले जातात. गल्लीच्या तोंडापर्यंत गप्पा, कापसाले काय भाव लागला न् कोणाच्या सुनेनं काय केलं, आणि गल्लीत पाय टाकला का पदर तोंडावर न् हेल सुरू, ओ माय वं, तुझ्या हातची भाकर आता कुठं वं माय! मी लहानपणी त्यांची नक्कल करायची, आईचा मार खायची, मार खाता खाता बी तोच हेल काढायची, मग आईले बी हसू यायचं.

लग्नानंतर गावच्या यात्रेतल्या नाटकात एक बाई ऐनवेळी आलीच नाही, मेलेल्याच्या बायकोच्या जागी मले उभं केलं. वाक्य एक येईना, मग काय, दारावरचं रडणं काढलं, तर तिरडीवरचा मेलेला बी गदागदा हसायले लागला. नवरा म्हणे लोक काय म्हणतील. सासू म्हणे लोक हसून ऱ्हायले ना, मग जाऊ दे तिले, घरचं मी पाहते. आणि पाहिलं भाऊ तिनं, चूल पाहिली, पोरगं पाहिलं, मी परत आली का म्हणायची, रडून दाखव वं. तिच्या जिवावर मी अहिराणी पिच्चर केले, मुंबईच्या सिरियलीत कामवाली झाली, तठे बी डायरेक्टर म्हणे मावशी, तेच करा. केलं.

मग सासू गेली. मी धुळ्याहून शूटिंग सोडून आली, जीव नुसता तुटत होता. गल्लीत पाय टाकला न् हेल काढला, माय वं, मले कोणाच्या भरवशावर टाकलं वं, तर ओट्यावरच्या बाया पदरात तोंड खुपसून खिदळू लागल्या! नणंद मले धरायले आली न् तीच हसून खाली बसली. एकीनं मोबाईल काढला. अहो, मी खरं रडू ऱ्हायली! हसू नका मेल्यांनो, खरं शे हे, असं जितकं ओरडावं तितक्या जास्त खिदळत. माझ्या सासूसाठी मले नीट रडू बी दिलं नाही. शेवटी गोठ्यात म्हशीजवळ जाऊन रडली, ती तेवढी हसली नाही.

तवापासून एकच धास्ती, माझ्या दारावर तर बठ्ठे हसतच येतील. सुनेले म्हटलं, तू तरी रडशील ना? सून बँकेत कामाले, म्हणे आई, मला हेल काढता येत नाही. घ्या! मग संध्याकाळी ती आली का शिकवते. मी पलंगावर मेल्यावानी पडते, ती माय वं म्हणते न् फिसकन हसते.

परवा पदराच्या जागी ओढणी घेऊन बसली, माझा हात धरला, माय वं म्हटलं न् हसलीच नाही. धारा लागल्या डोळ्याले. म्हणे, आई, नका ना जाऊ. मी डोळे उघडले, म्हटलं अवं बाई, कुठं चालली मी, उद्या शूटिंग शे माझी, चहा टाक. पण खरं सांगू भाऊ, जीव निवला. देव तिले सुखात ठेवो. बाकीच्यांनी या न् खुशाल हसा, रडायले एक जण शे माझं.