पिक्चरमधला गायन मास्तर

पिक्चरमधल्या गायन मास्तराचं कौतुक मला नका सांगू. लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळात मी चाकूरच्या एका शाळेत गायन शिकवायचो. एका रविवारी हेडमास्तरांनी आम्हा सगळ्या मास्तरांना टुरिंग टॉकीजला नेलं. पिक्चरमधला गायन मास्तर खोकत खोकत पोरांना शिकवतो अन् शेवटी पेटीवरच मान टाकतो. आमचे हेडमास्तर उपरण्यानं डोळे पुसत राहिले. माझा हात धरून म्हणले, "गुरुजी, लई थोर काम हाय तुमचं."

सोमवारी नव्या कलेक्टर कचेरीतून हुकूम आला, पाण्याच्या टँकरवर एक मास्तर पाठवा. हेडमास्तरांनी मलाच बोलावलं. "गणिताच्या मास्तरला धाडलं तर पोरांचं नुकसान होतंय. तुमचा तास बुडला तर कुणाला कळतंय? अन् रांगेतली नावं पुकारायला आवाज बी खडा हाय तुमचा."

माझं डोकंच सणकलं. म्हणलं, "सर, काल तर त्या गायन मास्तरासाठी ढसाढसा रडलात!"

हुकमावर माझं नाव लिहीत ते म्हणले, "गुरुजी, तो मेला होता."