धुऱ्यावरचे पांढरे गोटे

जमलेल्या सगळ्यांना जयभीम, रामराम.

अनुसयाकाकी, आसेगावहून आलेल्या सुनंदाताई, आणि एवढ्या उन्हात येऊन बसलेल्या गावकरी मंडळींनो. माझ्याआधी चारजण बोलले. सगळ्यांनी किसनकाकांचं चांगलं सांगितलं. मलाही चांगलंच सांगायचं आहे. पण त्याआधी एक वाईट सांगावं लागेल. ते काकांचं नाही, माझं आहे.

अकरा वर्षांपूर्वीची एक सकाळ. मार्गशीर्ष होता. मी अंघोळ केली, मारुतीपुढे दिवा लावला, हात जोडले, आणि तिथून सरळ वावरात जाऊन तुरीत लपून बसलो. चाळिशीला टेकलेला माणूस. गुडघे ओले, पाठ ओली, तुरीतलं दव मानेवरून आत उतरतंय. कशासाठी? किसनकाकांवर पाळत ठेवायला.

तुम्ही सगळे त्यांना मेजर म्हणत होता. ते प्रत्येक वेळी सांगायचे, “मेजर नाही गा, नायक होतो.” नायक म्हणजे फौजेतला खालचा हुद्दा. मला त्यातही काळंबेरं दिसायचं. गाव मोठेपणा देतंय आणि हा माणूस घेत नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय. एकाहत्तरच्या लढाईत होते म्हणतात, मग लढाईबद्दल तोंड का उघडत नाहीत? पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं की झेंड्याला सलाम करायचे आणि मागच्या रांगेत जाऊन बसायचे. एक शब्द नाही. आणि घरी काय, तर तिन्ही पोरींच्या वेण्या हेच घालणार. सुनंदाताई, तुम्ही माझ्या दोन वर्ग पुढे होता. तुमच्या वेण्या साऱ्या शाळेत सगळ्यांत ताठ असायच्या. आम्ही पोरं हसायचो. म्हणायचो, ही बंदुकीची दोरी वळली आहे.

सैन्यातून आल्यावर सरकारनं त्यांना जमीन दिली, ती नेमकी आमच्या वावराला लागून. मधे फक्त धुरा, गवताची हातभर पट्टी. माझे वडील जाताना मला जवळ बोलावून म्हणाले होते, “धुऱ्यावर नजर ठेवजो. त्या फौजीचा भरोसा नाही.” वडिलांच्या मनात नुसता धुरा नव्हता. आणखी काय होतं, ते इथं बसलेल्यांना मी वेगळं सांगायला नको. याच गावात जन्मलो, आणि या विहाराच्या अंगणात आज पहिल्यांदा पाय ठेवला. यावरून समजून घ्या.

तर मी नजर ठेवली. काका रोज सकाळी धुऱ्याच्या कडेनं त्यांच्या पाऊलवाटेवरून यायचे. मान खाली, हातात काठी. चार पावलं टाकायची, थांबायचं, जमीन पाहायची, काठीनं चाचपायची. वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी चुन्यानं रंगवलेले गोटे रोवले होते. शेवटी त्यांच्या गोठ्यापाशी पोचले की वळायचे आणि हात वर करून हाक मारायचे, “ये, वाट साफ आहे.” मग रस्त्यावर थांबलेल्या काकी डोक्यावर शिदोरी घेऊन त्या गोट्यांमधून चालत यायच्या.

वाट साफ आहे. रोज तेच. मला वाटायचं, हा काहीतरी इशारा आहे. मी बांधावर नाही, हे हा माणूस बायकोला कळवतो आहे.

त्या सकाळी तुरीतून मी पाहिलं. काका वाकले, एक गोटा उपटला आणि वीतभर सरकवून पुन्हा रोवला. माझ्या वावराच्या बाजूला. मंडळी, मला दुःख झालं नाही. आनंद झाला. सापडला, म्हटलं.

दुपारी दोघं शिरपूरच्या बाजारात गेले. मी सगळे गोटे उपटले, पाटीत भरले आणि आमच्या पडक्या विहिरीत टाकून दिले. संध्याकाळी हात धुऊन भजनाला गेलो.

दुसऱ्या दिवशी काका धुऱ्यावर आले. गोट्यांचे रिकामे खड्डे काठीनं चाचपले. मग मला हाक मारली.

“वसंता, गोटे कोणं काढले रे?”

“मले काय माहीत, काका? ढोरं फिरतात इकून.”

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत चुना होता, हे मला नंतर दिसलं. म्हणाले, “आपल्या गावच्या ढोराईले हात फुटले वाटते.” आणि हसले. एवढंच.

त्यांनी पुन्हा गोटे लावले नाहीत. मला वाटलं, चोरी उघडी पडली म्हणून लावले नाहीत. त्यानंतर काय व्हायला लागलं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. काका सकाळी एकदा वाट चालून गोठ्यापर्यंत जायचे. तेवढंच मागे रस्त्यावर यायचे. आणि काकींच्या पुढे चालत पुन्हा जायचे. पावसाळ्यात, चिखलात, गुडघा सुजला तरी. पारावरची माणसं म्हणायची, “मेजर, काकी पळून चालली काय?” ते म्हणायचे, “तिचा काय भरोसा.” काकी पदराआड हसायच्या. मीही हसायचो. तो गुडघा कोणामुळे दुखतो, याचा विचार मी कधी केला नाही.

मी मोजणी आणली. मोजणीत निघालं काय? काकांचा एक पायही माझ्याकडे नव्हता. माझ्याच नांगराची दोन तासं त्यांच्या वावरात गेली होती. नांगर धरताना माझाच हात त्यांच्याकडे झुकत होता. काका मोजणीवाल्यांना म्हणाले, “राहू द्या. बैल ओढते तिकडं, माणूस काय करन.” तरी माझा संशय गेला? नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, मोजणीवाल्यांना यानंच चहा पाजला असेल. ती म्हणाली, “चहा तर तुमी पाजला.” खरं होतं ते. पण संशयाची सवय लागली की खरं समोर असूनही पटत नाही.

गेल्या महिन्यात काका अंथरुणाला खिळले. निरोप आला, वसंताला बोलवा. गेलो. दारात उभा राहिलो तर म्हणाले, आत ये, बस. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच बसत होतो. काकींनी पाणी दिलं. प्यायलो.

काका म्हणाले, “एक काम करशील? माह्यानं आता होत नाही. भुईमूग निघेपर्यंत काकीले वावरात जा लागते. तू सकाळी त्या वाटेनं चालून येत जाय. मंग काकीले हाक मार.”

मंडळी, तेव्हासुद्धा माझ्या मनात काय आलं, सांगू? वाटलं, हा मरता मरता माझ्याच पायांनी धुऱ्यावर वहिवाट पाडून घेतोय. उद्या कोर्टात म्हणतील, वसंता स्वतः या वाटेनं चालत होता. मी विचारलं, “काहून पण, काका? वाट तर दिसते.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. आणि सांगितलं ते माझ्यासारख्याला.

लढाई संपल्यावर त्यांच्या तुकडीला सीमेवरच्या शेतांतून सुरुंग काढायला लावलं होतं. काठीनं चाचपत जायचं. जेवढी वाट साफ झाली, तेवढ्या वाटेला दोन्हीकडून पांढरी पट्टी बांधायची. पट्टीच्या आत जीव, बाहेर मरण. ज्या शेतकऱ्याचं शेत होतं, तो पट्टीच्या टोकाशी येऊन बसायचा, पेरणीची घाई होती त्याला. एक दिवस त्याची बायको त्याच्यासाठी भाकर घेऊन आली. वारा सुटला होता. पट्टी एका ठिकाणी सुटून लोळत होती. ती बांधायचं काम काकांचं होतं.

एवढंच बोलले. पुढचं बोलले नाहीत. मग म्हणाले, “इथं काही नाही, मले माहीत हाय. डोक्याले कळते. पण ती डोक्यावर भाकर घेऊन निघाली की माह्या पायाले कोण सांगन?”

मी उठलो. दारापर्यंत गेलो, तर मागून आवाज आला. “वसंता, ते गोटे विहिरीतच हायेत ना?”

अकरा वर्षं त्यांना माहीत होतं. विहीरसुद्धा माहीत होती. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “कोणते गोटे, काका?”

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “बरं.”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी ती वाट चाललो. काकींना हाकही मारली. पण कबूल केलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, करत राहिलो. आठ दिवसांपूर्वी काका गेले. मारुतीपुढे आता हात जोडतो, तर हेच हात दिसतात, नखांत चुना असलेले. देवाला सांगून भागत नाही, मंडळी. ज्याचे गोटे, त्यालाच सांगायचं असतं. तो नसेल, तर त्याच्या माणसांना. सगळ्यांदेखत.

म्हणून सांगितलं. गोटे मी काढले, काकी. ढोरांनी नाही.

काल सकाळी दोर बांधून पडक्या विहिरीत उतरलो. पाणी आटलं आहे. बावीस टाकले होते, एकोणीस सापडले, तीन गाळात गेले. त्यांच्या जागी तीन नवे माझ्या वावरातले घेतले. सगळ्यांना चुना दिला. माझी दोन तासं मागे घेतली, आणि आज उजाडताना मोजणीच्या खुणेप्रमाणे एकेक गोटा वाटेच्या दोन्ही बाजूंना रोवला. इथं यायला उशीर झाला तो त्यामुळे.

आता आपण सगळे उभे राहू. घड्याळ कोणी पाहू नका. रस्त्यापासून त्यांच्या गोठ्यापर्यंत चालायला काकांना जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गप्प राहू. मी मनात ती वाट चालतो. पोचलो की सांगतो.

नायक किसनकाका, माझा सलाम घ्या. सलाम करायची रीत मला येत नाही. चुकली तर हसा.

काकी, उद्या शिदोरी घेऊन या. गोटे लावले आहेत. वाट साफ आहे.