बसवलेली गाडी

अबे, सुन्याच्या त्या गाडीचं आठवलं की अजून बी माहा जीव वरखाली होते! कापसाच्या भावानं साऱ्याइले रडवलं होतं त्या वर्षी, अन् हे बेणं यवतमाळातून गाडीच्या स्प्रिंगा कापून आलं. गाडी खाली बसली, झ्याक दिसे, पण वळली की टायर आतून घासे. मंग मेकॅनिकनं चाकामागं स्पेसर, म्हंजे जाड चकत्या टाकून चाक बाहेर सरकवलं. घासनं बंद.

त्याच गाडीनं सुन्यासाठी पोरगी पाहाले नेर गावाले निघालो. त्याचा मामा, दोन काके अन् मी दाटून बसलो. वजनानं गाडी अजून दबली, अन् आता टायर बाहेरून मडगार्डले घासाले लागलं. दर खड्ड्यापाशी सुन्या म्हने, "उतरा जी जरासे." उतरा, चाला, चढा, पुन्हा उतरा!

मामा भडकला, "वेळ होऊन राह्यला बे! गाडी आपल्याले नेऊन राह्यली का आपुन गाडीले?"

पोरीच्या दारात पोचलो तं सुन्या गाडीत एकटा, अन् आमी मांगून पायी, धुळीनं माखलेले.

पोरीच्या बापानं इचारलं, "गाडी बसली का जी?"

सुन्या छाती फुगवून म्हने, "बसली नाही जी, बसवली. मुद्दाम!"

बुढा म्हने, "कापसाचा भाव बसला तवापासून माही झोप उडाली, अन् तुमी चांगली चालती गाडी मजुरी देऊन बसवली?"

अन् घरात आवाज देला, "पोहे पाठवा वं. पोरगी राहू द्या."