फिकट भर

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. पापण्यांआड केशरी उजेड तरंगत होता. शेजारी एक आई आणि पुरातत्त्वात एम.ए. करणारी तिची लेक बोलत होत्या.

"झोपेत काय गं पुटपुटत होतीस?"

"तोच रांजण, आई. दोन हजार वर्षांचा. स्वप्नात तो पाण्यानं काठोकाठ भरलेला असतो."

"जोडून झाला का एकदाचा?"

"झाला. पोटाचा एक तुकडा मात्र मिळालाच नाही. तिथे प्लास्टर भरलं."

"मग वरून रंग मारा, म्हणजे कळणारसुद्धा नाही."

"छे! आमच्यात ते चालत नाही. भर मुद्दाम फिकट ठेवायची. मूळचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, बघणाऱ्याला दिसायला हवं."

"आणि उभा राहतो रांजण?"

"त्या भरीशिवाय राहिलाच नसता."

आईनं आवाज खाली आणला. शिंपीणबाईंच्या पापण्यांआडचा उजेड संथ हलत राहिला.

"ते मला लग्नाचं विचारतायत ना, त्यांना रविवारी जेवायला बोलावू का गं?"

"बोलाव की. फक्त बाबांची रिकामी खुर्ची तशीच राहू दे."

"तिला कोण हात लावतंय? त्यांच्यासाठी दुसरी आणू."

"फिकट रंगाची आण."